भीमसिंगचं बोट

२ डिसेंबर १९६१, शनिवार

दिला शेरा लिहून! 'शिपाई भीमसिंग, कामचुकार. आजाराचं सोंग करतो.' खाली सही ठोकली. हेडमास्तर खूश. म्हणाले, बरं झालं, चोवीस तारखेच्या समितीपुढं ठेवतो, घरी पाठवू त्याला.

माझं काय चुकलं? महिन्यात सहा दिवस गैरहजर. आला की विज्ञानाच्या खोलीत गुडघे धरून बसलेला. काचा धुतलेल्या नाहीत, पाणी भरलेलं नाही. विचारलं की एकच उत्तर - "हाडं दुखतस, मास्तर." तिशीच्या गड्याची हाडं दुखतात? आमच्या आबांची सत्तरीत दुखत नाहीत.

४ डिसेंबर, सोमवार

नववीला पेशी सुरू केल्या. माझं बी.एस्सी. रसायनाचं, आणि शिकवायचं जीवशास्त्र! शाळेला विज्ञानाचा एकच मास्तर परवडतो, तो मी.

भाकरीच्या तुकड्यावर आयोडिन टाकलं. काळंनिळं झालं, पोरं हरखली. भाकरी, साखर, कापूस - सगळ्यांत तेच कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. इथवर मी राजा होतो. मग सरला उठली. "सर, पेशीला केंद्रक लागतंच म्हणालात. रक्ताच्या तांबड्या पेशीला नाही असं पुस्तकात आहे. मग ती जिवंत का मेलेली?"

उद्या सांगतो म्हणालो. घरी येऊन पुस्तक उलटंपालटं केलं. मलाच कळेना.

५ डिसेंबर

सरलाला चुकवलं.

७ डिसेंबर, गुरुवार

आज रक्त दाखवलं. कुणाचं दाखवणार? पोरं भेदरलेली. मला स्वतःला सुईची भीती वाटते - इथं लिहायला काय हरकत आहे. भीमसिंगला हाक मारली. त्यानं मुकाट बोट पुढं केलं. थेंब मिठाच्या पाण्यात कालवून काचेवर घेतला. सूक्ष्मदर्शक एक, पोरं बेचाळीस. शेवटच्या पोरापर्यंत थेंब वाळू नये म्हणून वरच्या पातळ काचेच्या कडा व्हॅसलीननं बंद केल्या. ऐटीत म्हणालो, "बघा रे, पाटलाचं काय, भिलाचं काय, रक्ताला जात नसते. सगळ्या पेशी गोल."

दुपारी मागच्या बाकावरच्यांनी आकृत्या काढल्या त्या सगळ्या विळ्यासारख्या! बोटाएवढ्या लांब, टोकाला वाकड्या. "गोल काढा," म्हणून ओरडलो. मागच्या चौघांना खोडायला लावलं. शाळा सुटल्यावर डोळा लावला. खरंच विळे!

८ डिसेंबर

मिठाचं पाणी जास्त कडक झालं असणार. नव्यानं केलं, मोजून मापून. भीमसिंगचं दुसरं बोट टोचलं. सकाळी बऱ्याचशा गोल, थोड्या वाकड्या. तीन तासांनी बघावं तर जवळजवळ सगळे विळे.

भिंगाला दोष दिला. स्पिरिटनं पुसलं. विळेच.

९ डिसेंबर, शनिवार

शेवटी दात-ओठ खाऊन स्वतःचं बोट टोचलं. तेच पाणी, तेच व्हॅसलीन. सकाळी गोल. दुपारी गोल. संध्याकाळी गोल!

म्हणजे भिलाचं रक्त वेगळं? आणि मी वर्गात काय तोंड वर करून सांगितलं? डोकं चालेना. जेवलोही नाही नीट.

११ डिसेंबर

गंमत झाली. का भलतंच काहीतरी? भीमसिंगच्या ताज्या थेंबाच्या काचेचं व्हॅसलीन पुसलं, कड जराशी उचलली, वारा लागू दिला. थोड्या वेळानं बरेचसे विळे हळूहळू गोल! पुन्हा बंद केलं, पुन्हा विळे. म्हणजे प्राणवायू कमी झाला की वाकतात. हे रसायन झालं, इथं मला समजायला हवं. समजत नाही. कॉलेजातल्या सरांना पत्र टाकलं, आकृती काढून.

भीमसिंग माझ्याकडंच बघत होता. "काही खराब शे का?" नाही म्हणालो.

१३ डिसेंबर

थंडी कडक. भीमसिंग गैरहजर.

१९ डिसेंबर, मंगळवार

सरांचं उत्तर आलं. चार वेळा वाचलं. असा आजार आहे. आपल्याकडं नऊ-दहा वर्षांपूर्वी निलगिरीच्या डोंगरी लोकांत सापडला, इतर जातींतही असू शकतो, नीट कुणी बघितलेलंच नाही. आईबाप दोघांकडून आला तर जोर करतो. वाकड्या पेशी बारीक शिरांत अडकतात. सर लिहितात - 'सांध्यांत मरणाच्या वेदना होतात, थंडीत जास्त. औषध माहीत नाही. तुमच्या शिपायाला पहाटे थंड पाण्यात राबवू नका.'

आम्ही त्याला पहाटे पाचला विहिरीवर पाठवतो.

सोंग! मी लिहिलं ते! माझ्याच सहीनं! लाज वाटते.

२० डिसेंबर

भीमसिंगला बसवून सगळं सांगितलं. म्हटलं, काळजी करू नको, समितीला काच दाखवतो, सरांचं पत्र दाखवतो, तुझी नोकरी कोण घेतो बघू. मला वाटलं त्याला बरं वाटेल.

टेबलावरचं पत्र त्यानं घडी घालून माझ्याकडं सरकवलं. मग म्हणाला, "कागदवर नका लिखा, मास्तर. मन्ही नोकरी जाई ते जाऊ द्या. भिलसनं रगतच खराब शे म्हनतीन. उद्या मन्हा भाऊना पोऱ्याले कोन्ही शिपाई ठेवाव नही."

मी म्हटलं, अरे, पण खरं आहे ना ते. तो म्हणाला, "खरं शे, पन ते तुम्हना हातमा नही ऱ्हाव." कागद एकदा गेला की माझ्या हातात राहत नाही, हे मला त्यानं सांगावं!

२२ डिसेंबर

काच दाखवली तर त्याच्या सगळ्या माणसांवर शिक्का. नाही दाखवली तर त्याची नोकरी जाणार, तीही माझ्यामुळं. दोन दिवस हेच दळण दळतोय. विज्ञान खरं तेच सांगा म्हणतं. कुणाला सांगा, ते सांगत नाही.

२४ डिसेंबर, रविवार

समिती झाली. काच नेली नाही. पत्र खिशातच ठेवलं. अध्यक्ष चुनीलालभाऊंनी माझा शेरा वाचला. मी उभा राहिलो नि म्हणालो, हा शेरा खोटा आहे. रागाच्या भरात लिहिला. माणूस खरोखर आजारी असतो, वर्षभर मी बघतोय.

चुनीलालभाऊ चष्म्यावरून बघत राहिले. "मंग मास्तर, खोटं तुम्हीच लिखं?"

"हो."

हेडमास्तरांचं तोंड बघण्यासारखं झालं. भीमसिंग राहिला. विहिरीचं काम दुसऱ्याला दिलं, तेही मी भांडून. मला कायम करायचं होतं ते एक वर्ष पुढं ढकललं. आबांना काय सांगू? तरी आज बरेच दिवसांनी पोटभर जेवलो.

२५ डिसेंबर

नाताळची सुट्टी. सरलासाठी उत्तर लिहून ठेवलं - 'तांबड्या पेशीचं मलाही अजून कळलेलं नाही.' शाळा उघडली की वर्गात तसंच सांगणार.

२७ डिसेंबर, बुधवार

सकाळी आठला भीमसिंग दारात. धडगावकडच्या आपल्या गावी जाऊन आला. बरोबर सहा-सात वर्षांची पोर, अंगात त्याचाच कोट. चालताना भिंत धरते. "हाई मन्ही पोर शे, मास्तर. कागदवर नका लिखा. पन इन्हं बी रगत देखी ल्या."

पोरीनं आपणहून बोट पुढं केलं. मी म्हटलं, थांब बाळ, सुई उकळू दे. ती दोघं अंगणात उन्हाला बसली आहेत. पाण्याला केव्हाच उकळी आली आहे, तरी मी इथं लिहीतच बसलोय.