विमानाची काच

मंगळवार, ४ मार्च

पडलं! फडक्याचं टोक अडकलं आणि ह्यांनी तुकडे जोडून बनवलेलं लाडकं छोटं विमान कपाटावरून थेट फरशीवर. पंख धड, चाकं धड. फक्त वैमानिकाच्या डोक्यावरची काच निखळून पलंगाखाली गेली. म्हणायला काच. आहे प्लास्टिकच, अंगठ्याएवढं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ.

हे खुर्चीतून बघत होते. पूर्वी असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. आज नुसती मान भिंतीकडे वळवली. अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. हाताचं मला एवढं वाटत नाही, भरवीन मी. पण ह्या घराला आवाज ह्यांचाच होता. आता नळ टपकतो तेवढा ऐकू येतो.

बुधवार, ५ मार्च

बोलायला शिकवणारी बाई आली होती. चित्रं दाखवते. "काका, हे काय? सांगा बरं, चें... चेंडू!" ह्यांनी डोळे मिटून घेतले. जन्मभर कारखान्यात माणसांवर डाफरलेला माणूस — चेंडू म्हणेल होय!

जाताना दारात हळूच म्हणाली, "काकू, सुरुवातीच्या महिन्यांत शब्द फुटला तर फुटला. पुढे फार जड जातं. त्यांच्या आवडीचं काहीतरी समोर ठेवून बघा."

आवडीचं म्हणजे विमानं. दुसरं काय!

शुक्रवार, ७ मार्च

काच मीच बसवणार. ठरलं.

टेबल खिडकीशी ओढलं. ह्या टेबलावर आम्ही कधी धड जेवलो नाही. ताटं मांडीवर आणि विमान टेबलावर! मी म्हणायची, "सवत परवडली, निदान भांडी तरी घासेल." हे हसायचे आणि पुढचं विमान आणायचे.

तेव्हा काच बसवायची म्हणजे घरात कर्फ्यू. पंखा बंद. केर काढायचा नाही. शिंक आली तर बाल्कनीत पळायचं. दोन्ही मुलं तोंडावर हात धरून बसायची. हे काडीच्या टोकावर पांढरा गोंद घेणार, श्वास रोखणार, आणि आम्हीही रोखायचा! काच बसली की ह्यांचा मोठ्ठा सुस्कारा, मग सगळ्यांचा. धाकटा तर मुद्दाम जमिनीवर लोळण घ्यायचा. काय दिवस होते! आणि मी नुसती कुरकुरत होते, उकडतंय म्हणून.

शनिवार, ८ मार्च

भाजी तशीच ठेवून आधी हे लिहिते.

ड्रॉवरमधला पांढरा गोंद वाळून दगड झालेला. मग मी चपला चिकटवायची ती छोटी नळी घेतली — झटपट गोंदाची. एक थेंब, आणि काच जागच्या जागी! मी खूश. म्हटलं, एवढ्यासाठी का जन्मभर श्वास रोखले? तेवढ्यात काचेला आतून त्या गोंदाची पांढरी वाफ धरायला लागली. बघता बघता वैमानिक दिसेनासा झाला.

आणि समोरून — "वेंधळे!"

खणखणीत! डावा हात टेबलावर आपटून! मी आधी मागे वळून बघितलं, कोण आलं म्हणून. ह्याच शब्दावरून मी कितीदा अबोला धरलाय. आज पदर तोंडात कोंबून रडले.

रविवार, ९ मार्च

धाकट्याचा फोन. "बाबा बोलले? काय म्हणाले?" म्हटलं, "मला वेंधळी म्हणाले." तो हसायला लागला आणि मग नुसतंच नाक ओढत राहिला. फोन ह्यांच्या कानाला लावला. एक नाही की दोन नाही.

सोमवार, १० मार्च

बाई म्हणाली, "रागाच्या भरात शब्द निसटतो कधी कधी, काकू. पण तो निसटू द्या, वाट मोकळी होते." चेंडू दाखवला. डोळे मिटले.

गुरुवार, १३ मार्च

तीन दिवस काचेच्या मागे. पात्याने अलगद सोडवली. पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर, मग कापसाच्या काडीवर दात घासायची पेस्ट. आतून घासायचं म्हणजे अंगठीच्या आत बोट घालून शिवण घालण्यासारखं. मी थांबले की ह्यांचं डावं बोट टेबलावर टकटक. अजून. अजून! मास्तर झाले होते अगदी.

आज लख्ख झाली. नवा पांढरा गोंद आणला. पंखा बंद केला, तोही ह्यांनीच बोटाने दाखवून. दोघांनी श्वास रोखला. बसली! दोघांनी सोडला. किती वर्षांनी!

मी तोंडाकडे बघत राहिले. ओठ हलतील, एखादा शब्द येईल. मान डोलावली फक्त. इतकी नीट बसली की ह्यांना बोलायला काही उरलंच नाही.

शनिवार, १५ मार्च

आज कपाटातलं दुसरं विमान काढलं. ह्यांनी स्वतःच्या हाताने पूर्ण केलेलं, एकही ओरखडा नसलेलं. ह्यांच्या डोळ्यांदेखत त्याची काच उचकटली आणि झटपट गोंदाची नळी उघडली.

"अगं — नको! तो नको, वेंधळे!"

लावला.

अजून दोन फळ्या भरून विमानं आहेत.