काकूंनी औषध टाकलंय

१७ ऑगस्ट २०२५, कात्रप
आलो एकदाचे बदलापुरात! डोंबिवलीच्या एका खोलीतून थेट वन बीएचके. बाल्कनीतून डोंगर दिसतो. चार वर्षांच्या राजसीने हॉलचं मैदान करून टाकलंय. टीव्ही कुठे लावायचा यावरून सुयोग भांडतोय, म्हणजे संसार मार्गी लागला म्हणायचा. शेजारच्या मालिनीकाकू लगेच चहा घेऊन आल्या. चहाबरोबर शिकवणीही दिली. संध्याकाळी केमिकल कंपनीचा वास सुटला की खिडक्या गच्च लावून घ्यायच्या, इकडे सगळे तेच करतात म्हणे. काकू भलत्याच कडक. चातुर्मासात त्यांच्या घरी लसणाचा वाससुद्धा चालत नाही.

१९ ऑगस्ट
ओट्याखाली झुरळांचं संमेलन भरलं होतं. यज्ञेश नावाचा पेस्ट कंट्रोलवाला आला. आधी लायसन्स दाखवलं, मग प्रवचन. खरकटी भांडी ठेवू नका, सिंकखालची फट सिमेंटने बुजवा. औषध काय, तर लेकीचा हात पोचणार नाही अशा कोपऱ्यांत जेलचे ठिपके. माझी निराशाच झाली, मला वाटलं होतं चांगला धूरबीर काढेल.
काकूंनी ढेकणांसाठी त्यालाच आपल्या घरी नेलं. पलंग खोला, गाद्या वाफवून घेऊ, दोन-तीनदा यावं लागेल, असं तो म्हणाला. काकू फणकारल्या. मला गणपतीला गावी जायचंय आणि हा बाबा पलंग खोलायला सांगतोय!

२३ ऑगस्ट
काकू कोकणात गेल्या. निघताना म्हणाल्या, घरात औषध टाकलंय हो, दिराने धान्याच्या गोदामातून आणून दिलंय, परत येईन तेव्हा औषधाला ढेकूण सापडायचा नाही. दोघी मिळून खूप हसलो. दाराच्या फटींना चिकटपट्टी लावायला मीच मदत केली. राजसी पट्ट्या धरून उभी होती, अगदी खूश.

२४ ऑगस्ट
जेल जबरदस्त आहे! बाथरूममध्ये झुरळं मेलेली, मुंग्या मेलेल्या, पालसुद्धा. यज्ञेशला मनातल्या मनात शाबासकी दिली.
दुपारी लसणाचा वास यायला लागला. कोणीतरी चटणी कुटत असेल असं वाटलं. पण वास बाथरूमच्या डक्टमधून येतो, आणि या मजल्यावर डक्टला खिडकी फक्त आमची आणि काकूंची. काकूंच्या बंद घरात लसूण? अंगावर काटा आला. सुयोग हसला, कंपनीचा वास आहे म्हणाला. सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, बाथरूमच्या काचपट्ट्या तेवढ्या नीट मिटत नाहीत.

२५ ऑगस्ट
डोकं ठणकतंय. राजसीला सारख्या उलट्या. डॉक्टर म्हणाले, नवं पाणी बाधलं असेल.
वास वाढलाय. बाल्कनीच्या दाराखाली टॉवेल कोंबला, तरी येतोच. सुयोग कामावर. मला भीती वाटतेय, उगाच कशाला नाही म्हणू. भिंतीपलीकडे कोणीतरी लसूण सोलत बसलंय असं — छे.

२६ ऑगस्ट
राजसी उठत नाहीये. हाक मारली की नुसते डोळे —
माझीही छाती धडधडतेय. तिने जेल तर चाटलं नसेल? यज्ञेशला फोन लावते.

२६ ऑगस्ट, हॉस्पिटल
डायरी पर्समध्येच होती. लिहिलं नाही तर मी ओरडेन.
यज्ञेश म्हणाला, जेलने पाल मरत नाही. वास कसला, विचारलं. लसणाचा. शेजारी काय आहे? काकूंनी धान्याच्या गोदामातलं औषध टाकलंय, म्हटलं. तो किंचाळलाच. धान्यात ठेवायच्या त्या गोळ्या राहत्या घरात टाकायला बंदी आहे, हवा लागली की विषारी गॅस होतो, पोरीला उचला, बाहेर पळा, शेजारच्या दाराला हात लावू नका. आणि खिडक्या, खिडक्या उघड्या आहेत ना ताई?
खिडक्या मीच —
काकूंचा फोन आला. रडतायत. अगं औषधच होतं ना ते, म्हणतात.
सुयोग भिंतीकडे तोंड करून उभा आहे.
मी डॉक्टरांचे पाय धरले. कुठलंही औषध द्या, म्हटलं. त्यांनी मला उठवलं. म्हणाले, या औषधावर औषध नाही.
आयसीयूचं दार उघडलं. राजसीची आई कोण, विचारतायत. मी —