पलंगामागची केशरी वायर

वेंडेल,

आईला डायलिसिसला घेऊन चाललोय. तू गाढ झोपला होतास म्हणून उठवलं नाही. ओव्हनमध्ये हॅम आणि अंडी झाकून ठेवलीत, खाल्ल्याशिवाय ओमाहाची वाट धरू नकोस.

गेल्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला सगळे जमले असताना, तळघरातलं पाणी उपसणाऱ्या पंपाला मी जोडलेली वायर बघून तू म्हणालास, "लवचीक वायर हलत्या-फिरत्या यंत्राला असते, दादा. हा जमिनीला जखडलेला पंप काय संध्याकाळी फिरायला जातो?" सगळे हसले आणि मी तुला घराबाहेर काढलं. तुझं पोट वायरिंगच्याच कामावर चालतं, तरी. वर वर्षभर फोनही केला नाही.

काल आईने बोलावलं म्हणून तू आलास. तिच्या पलंगामागची भिंत उघडलीस, मी त्या भिंतीतून पंपाला नेलेली केशरी एक्स्टेन्शन वायर उपसलीस आणि पाइपातून पक्की वायर पंपापर्यंत नेलीस. टोमणा एकही मारला नाहीस.

जुन्या वायरचा जळून काळा पडलेला तुकडा तू गुपचूप कचऱ्यात टाकलास, तो मला सापडला. आईच्या उशीपासून वीतभरच होता तो. वेंडेल, तुझे आभार कसे मानू ते कळत नाही.

तुकडा माझ्या हत्यारांशेजारी खिळ्याला टांगलाय. पुन्हा कधी मी "चालतंय की" म्हणालो, तर बोलू नकोस. नुसतं तिकडे बोट दाखव.

हार्लन