पलंगाच्या पडद्यावरचा प्राणी

नॉर्फक, इंग्लंड
५ ऑक्टोबर २०२५

ती. मोठीमायस,
आम्रपालीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तू जेवणाचंच विचारतेस, म्हणून पत्र. मले काम लागलं त्या हवेलीत तीनशे वर्षांआधीचा पलंग आहे. त्याचे पडदे घरच्या बायांनीच लोकरीनं भरलेले. टाके ओढले जाऊ नये म्हणून मी वर बारीक जाळी धरून मशीननं त्यांची धूळ ओढून राहिली. पानं, डाळिंबं, मोर, अन् एक प्राणी. त्याचं नाव मी सांगत नाही, तूच ओळख. साखळी टाका तर तू शिकवला तसाच.

फोटो पाठवते. पण शालूवहिनी म्हणते, तुले आता फोटोही दिसत नाही, तरी मोतीबिंदूच्या ऑपरेशनले नाही म्हणतेस. कावून?

माया राहू दे.
तुझी,
आम्रपाली

खुर्सीपार, भिलाई
२ नोव्हेंबर २०२५

चि. आम्रपालीस अनेक आशीर्वाद.

मी सांगून राहिली, तुझी वहिनी लिहून राहिली. फोटो पोचले. मले नुसते रंगाचे डाग दिसले. त्या प्राण्याचं शालूले विचारलं, तर सांगेच ना, हसतच राहिली.

तुझ्या मोठ्याबाबाचा डोळा ऑपरेशननंतरच गेला, तवापासून मले भेव वाटते. आहे तेवढंही गेलं तर शालूले माझा हात धरून फिरा लागन. पण घरात सगळे हसतात अन् मले कायले ते समजत नाही, हे काही पटत नाही. बुधवारी ऑपरेशनले दवाखान्यात चालली. शालू म्हणते, मम्मी, डरना मत. स्वतः मात्र रडून राहिली. हे ती लिहिते का नाही, कोण जाणे.

लोभ धरून राय.
तुझी मोठीमाय

खुर्सीपार, भिलाई
३० नोव्हेंबर २०२५

चि. आम्रपालीस आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे. पट्टी निघाली तवा पहिले शालू दिसली. किती वाळली पोरगी, मले कोणी सांगितलंच नाही.

मग फोटो पाहिले. हत्ती आहे तो. कान कोबीच्या पानासारखे, पाय डुकराचे. भरणारीनं जन्मात हत्ती पाहिला नसन. मी इतकी हसली का शेजारची मैनाबाई धावत आली, मग तीही हसत बसली. पण मग टाके पाहिले. न पाहिलेला हत्ती, तरी हात कुठं अडखळला नाही तिचा.

शालूच्या उशीच्या खोळीवर तोच भरून राहिली. ती म्हणते, कान तरी सुधरवा. मी नाही म्हटलं.

सुईत दोरा ओवाले तिनं हात पुढं केला होता. मी सुई दिली नाही.

आमची आठवण पातळ होऊ देऊ नको.
तुझी मोठीमाय