मोहगावकर लिहिणार नाही

९ डिसेंबर १९८९, शनिवार. सौंसर.

पांढुर्ण्याच्या नव्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायच्या जागेचा अर्ज भरून राहिली होती, तर बाबांनी आडनावाच्या रकान्यावर बोट ठेवलं. "गजभिये नको लिवू. मोहगावकर लिव. आपलं गावच हाय ते. इंटरव्ह्यूले बोलावतीन तरी."

बाबांवर राग नाही येत. नोकरीत या आडनावावरून त्यांनी काय काय ऐकून घेतलं, मला माहीत आहे. पण रकाना रिकामा ठेवला आणि नागपूरहून आणलेले राउटरचे कागद काढले.

राउटर म्हणजे कॉम्प्युटरच्या जाळ्यात रस्ता दाखवणारं यंत्र. शेजारच्या यंत्राला तो आधी स्वतःचा नंबर, म्हणजे त्याचं नावच, सांगतो, मग रस्ते. हा नंबर आपण नेमून दिला नाही, तर तो आपल्याच एखाद्या लाइनचा पत्ता नाव म्हणून लावून घेतो. ती लाइन बंद पडली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं, की नाव बदलतं. शेजारी त्याला ओळखत नाहीत.

मोहगावकर म्हणजे हेच ना? गावाचं नाव लावायचं म्हणे. गावात आमचं घर कुठं होतं? शेवटच्या घराच्याही पलीकडे. बोलावलं नाही तर नाही बोलावलं. त्या रकान्यात माझंच नाव राहील.

बाबांसमोरच लिहिलं, गजभिये. थोड्या वेळानं त्यांनी अर्जाचं पाकीट मागून घेतलं आणि पाठवणाऱ्याचं नाव स्वतः घातलं. गजभिये. माझ्याहून मोठ्या अक्षरात.