शरफुद्दीनला दोन तृतीयांश

अल्लाच्या नावाने.

मी, खैरुन्निसा दाऊद मुकादम, वय एकाहत्तर, निवृत्त मराठी शिक्षिका, राहणार मरोळ, अंधेरी पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तब्येत ठीक आहे, तसे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. मला कुणी फूस लावलेली नाही, दमही दिलेला नाही. धाकटा भाऊ शरफुद्दीन म्हणेल की म्हातारीचे कान भरले. त्याने वरची वाक्ये पुन्हा वाचावीत.

१. पती दाऊद वारले. मूलबाळ नाही, आईवडील नाहीत. शरियतप्रमाणे माझा वारस एकच, शरफुद्दीन अली परकार. मृत्युपत्राने मला फक्त एक तृतीयांश वाटता येते. उरलेले दोन तृतीयांश त्याचे, आणि ते त्याला मिळावेत. हा हुकूम माझ्या मतावर सोडलेला नाही, हे त्याचे नशीब.

२. माझे दफन साधे करावे. चाळिसाव्याचे जेवण घालू नये. शरफुद्दीनने मयतीला जरूर यावे, पण ‘सबर’ हा शब्द उच्चारू नये. तो शब्द त्याने माझ्या घरात एकदा वापरला आहे.

३. दाऊद आरे कॉलनीतल्या दुग्धशाळेत फिटर होते. त्यांनी आम्हा दोघांसाठी आजारपणाचा विमा घेतला होता आणि तो दरवर्षी न चुकता भरला. त्यांना मूत्रपिंडाचे दुखणे सुरू झाले त्या वर्षी शरफू आला. तो तेव्हा मशिदीचा नवा ट्रस्टी झाला होता.

“दाऊदभाई, मी मुफ्तीसाहेबांना विचारलं. विमा हराम. व्याज आहे, जुगार आहे त्यात.”

“अरे, पण तो चालू आहे ना. आता मधेच सोडू?”

“हरामात चालू काय नि बंद काय?”

दाऊद अल्लाला भिणारे होते. शरफूच्या ते ध्यानात होते. विमा बंद झाला. पुढे डायलिसिस लागले तेव्हा कुठलीच कंपनी त्यांना दारात उभी करेना.

मग एका जुम्म्याला नमाजनंतर शरफूने मशिदीच्या पायरीवर आपला रुमाल पसरला आणि दाऊदचे नाव घेऊन लोकांकडे मागितले. लोकांनी दिले. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. ज्या माणसाने जन्मात कुणापुढे हात पसरला नाही तो आत, खांबाला टेकून, हे ऐकत होता. घरी येऊन शरफू म्हणाला, “बघ आपा, हाच खरा विमा. सबर कर.” रुमाल माझ्या हातात देऊन तो जेवायला बसला.

पैसे थोडे दिवस पुरले. दाऊद त्यानंतर थोडेच दिवस पुरले.

४. दोन वर्षांनी शरफूची बायपास झाली. स्वतंत्र खोली होती. मी भेटायला गेले तर सूप पातळ असल्याची तक्रार चालू होती.

“कुणाच्या कार्डावर रे?”

“पोराच्या कंपनीचं. ते वेगळं, आपा. ते मालक देतो. मी कुठं विकत घेतलं?”

दुसऱ्या दिवशी त्याच मुफ्तींकडे गेले. विचारले, माझ्या नवऱ्याचा विमा तुम्ही बंद करायला लावलात?

“तुमचे पती कोण, बाई?” ते म्हणाले. “मला एवढंच विचारलं होतं, विमा विकत घेणं जायज आहे का. मी म्हटलं, बरेच उलेमा नाजायज मानतात. आजारी माणूस, चालू विमा, दुसरी सोय नाही, हे कुणी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर मजबुरी बघावी लागली असती. त्यावर दोन मतं आहेत.”

“आणि कंपनीचं कार्ड?”

“ते मात्र त्यांनी अगदी खोलात जाऊन विचारलं होतं.”

मुफ्तींवर माझा राग नाही. विचारले त्याचे त्यांनी उत्तर दिले. शरफूने स्वतःसाठी सगळे विचारले आणि दाऊदसाठी अर्धे.

५. आता तहसीन. ही शरफूची मुलगी, माझी भाची. तलाकनंतर बापाने दार उघडले नाही म्हणून ती माझ्याकडे राहते. लहानपणच्या तापाने तिच्या हृदयाची एक झडप कमजोर झाली आहे. आज ना उद्या ऑपरेशन लागेल. तिच्या भावाचे कंपनीचे कार्ड आईबापापुरतेच आहे. ती घरी ब्लाउज शिवते, म्हणजे तिला मालक नाही. शरफूच्या हिशेबाने तिला आजारी पडायची परवानगीच नाही. तिचा विमा मी काढला आणि मीच भरते. त्यावर बाप म्हणाला, “माझ्या हातात आलं की पहिलं ते बंद.” मी गेल्यावर घरही त्याच्या हातात येईल, असा त्याचा हिशेब होता.

म्हणून माझ्या बचतीचा एक तृतीयांश मी तहसीनला देते. विमा भरण्याची अट घालत नाही. अट घातली तर शरफू त्या अटीबद्दल कुणाला तरी अर्धा प्रश्न विचारील.

६. घर या मृत्युपत्रात नाही. ते मी गेल्या महिन्यात तहसीनला हिबा केले, म्हणजे जिवंतपणी बक्षीस दिले. हिब्यात नुसते बोलून भागत नाही, ताबा द्यावा लागतो. मी कपड्यांची पिशवी घेतली, किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि बाहेर पडले. समोरच्या राजाराम कदमांच्या घरी चहा घेतला. कदम म्हणाले, “बाई, भांडलात का?” मी म्हटले, नाही, बेघर झाले. मग तहसीनने तिचे दार उघडले.

“फुफी, ये ना आत. अशी काय बघतेस?”

तेव्हापासून मी पाहुणी आहे.

त्याआधी मी मुफ्तींना विचारले होते. पूर्ण विचारले. भावाला घर मिळू नये अशी माझी इच्छा आहे, हेही सांगितले. ते म्हणाले, “हिबा टिकेल. पण वारसाला डावलायची नीयत असेल तर त्याचा जाब वर द्यावा लागेल.”

मी म्हटले, देईन.

७. दाऊदची हत्यारांची पेटी राजाराम कदमांना द्यावी. त्यांची त्यावर जुनी नजर आहे. याला कुणाची हरकत असल्यास त्याने आधी एक नळ दुरुस्त करून दाखवावा.

८. कपाटात खालच्या खणात, इस्त्री केलेला, एक मोठा पांढरा रुमाल आहे. तो शरफुद्दीनच्या दोन तृतीयांशात धरू नये. तो त्याचाच आहे. त्याला परत करावा.

अंमलबजावणी माझी विद्यार्थिनी अ‍ॅड. उत्तरा सावंत करील. ती वर्गात पूर्ण प्रश्न विचारत असे.

हे मी लिहिले, वाचले, आणि यातला एकही शब्द मला कमी करावासा वाटला नाही.

खैरुन्निसा दाऊद मुकादम (सही)

आमच्यासमोर सही केली:
१. राजाराम विठू कदम (सही)
२. नंदा अनिरुद्ध जाधव (सही)

स्थळ: तहसीन परकार यांचे घर, मरोळ, अंधेरी पूर्व
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२४