टाकीवरची उडी

४ फेब्रुवारी

मध्यंतर सापडत नाही!

सुरुवात झकास जमलीय. रुग्णवाहिकेचा चालक, मागे झोपवलेला जखमी साक्षीदार, पाठीवर खुनी टोळी. शेवटही डोळ्यांसमोर आहे. मधे मात्र सगळी बोंब. भिंतीवर चिठ्ठ्या डकवल्यात, एका घटनेला एक. नेमकी मधली चिठ्ठी कोरी. येता-जाता ती माझ्याकडे बघते.

दिग्दर्शकांना सगळे सर म्हणतात, मीही. ते म्हणाले, "पन्नास पानं पळतोय तुझा नायक. प्रेक्षकाला धाप लागते, काळजी लागत नाही."

खरंच आहे ते.

७ फेब्रुवारी

सापडलं! नायक मरतो — म्हणजे मेलासं वाटतं. बंद कारखान्यात टोळी त्याला घेरते, तो दुसऱ्या मजल्याच्या सज्ज्यातून खाली कोसळतो. अंधार. मध्यंतर. बाहेर जाऊन घेतलेला चहा लोकांच्या घशाखाली उतरायचा नाही.

सर ऐकून उठूनच उभे राहिले. "उडीला तुझा दादाच घेऊ की!"

माझा दादा नायकांच्या ऐवजी पडतो. तोच त्याचा धंदा. चेहरा त्यांचा, हाडं याची. लगेच त्याचा फोन — "माझ्यासाठी लिहिलीस होय गं?" म्हटलं, हो. आवाजात इतका आनंद, की दुसरं काही म्हणवेना.

१६ फेब्रुवारी

दादाकडे जेवायला गेले. दादा हात धुवायला उठला तशी वहिनीने मला आत ओढलं. भांडी घासायचा नळ मोठा सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. म्हणाली, "मान गेलीय त्यांची. सकाळी डाव्या हाताने तांब्या उचलत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, आता एक जरी झटका बसला तर हात कायमचा जाईल. कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीय मला."

काय करू मी, एवढंच म्हणाले.

"तूच लिहितेस ना? मग खोड की!"

बाहेर येऊन पाहिलं. दादा टॉवेलने हात पुसत होता. उजव्याच हाताने. इतके दिवस कसं दिसलं नाही मला?

१७ फेब्रुवारी

खोडलं.

२४ फेब्रुवारी

झोप उडाली तरी चालेल, पण हे मध्यंतर सुचलं याचा अभिमान वाटतोय. नायकाला वायरलेसवरून रस्ता दाखवणारा त्याचा मित्र — डावीकडे वळ, पुलाखालून घे — तोच फितूर! प्रत्येक वळणावर टोळी आधीच कशी उभी असते, ते नायकाला आत्ता कळतं. तो गुपचूप त्या वायरलेसच्या खोलीत येऊन दाराशी उभा राहतो. मित्र त्याच्याकडे पाठ करून बोलतोय — "घाबरू नकोस, मी आहे ना." बस. मध्यंतर. एक खोली, दोन माणसं, एक खुर्ची. कुणाला कुठून पडायला नको!

उद्या वाचन.

२५ फेब्रुवारी

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच. "मध्यंतर ते हेच," म्हणाले. मी मनातल्या मनात वहिनीला फोन लावलासुद्धा.

मग म्हणाले, "आणि उडी आता शेवटाला नेऊ! मित्राचा दगा कळलाय, त्यामुळे आता ती उडी नुसती उडी राहत नाही. बघ, तूच तिला अर्थ दिलास."

"सर, पण शेवटाला —"

"शेवटाला सज्जा किरकोळ वाटेल. आवारात पाण्याची टाकी आहे ना, उंच? तिच्यावरून."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. दुसरा मजला होता तो बरा होता!

५ मार्च

तिसऱ्यांदा प्रयत्न केला. नायक टाकीवर चढतच नाही. जखमी साक्षीदार उठून बसतो, चालती गाडी तो वळवतो, टोळी अडकते. पटण्यासारखं आहे, स्वस्तही आहे. निर्माते माणूस भले, शांतपणे ऐकून घेतलं. मग कपाटाआडून एक गुंडाळी काढून टेबलावर पसरली. पोस्टर! टाकी, आभाळ, मधे हातपाय पसरलेला नायक.

"छापायला गेलंय," म्हणाले.

आधी पोस्टर, मग गोष्ट. मला वाटायचं मी लिहितेय.

नायकाचं काम करणारे महाशयही तिथेच होते. म्हणाले, "उडी मीच मारणार, कुणाला नाही म्हणू देणार नाही." म्हणजे टाकीच्या काठावर त्यांचा चेहरा दिसणार. पुढचं दादाने बघायचं.

१४ मार्च

सरांना सांगितलं. सगळं. मान, हात, डॉक्टर. वहिनीचं नाव तेवढं घेतलं नाही. वाटलं होतं चिडतील. उलट खुर्ची जवळ ओढून बसले, पाणी दिलं. "आधी सांगायचं नाहीस का? माणसापेक्षा चित्रपट मोठा आहे का?" माझ्यासमोरच फोन लावून दादाचं नाव काढायला सांगितलं. इतकं सोपं होतं!

संध्याकाळी दादाचा फोन.

"तू सांगितलंस?"

"दादा, ऐक ना —"

"पोटाचं मी बघून घेतलं असतं. तू नाक कापलंस माझं. उद्या गावभर होईल, याची मान गेली म्हणून. आता मला पायरीवरूनसुद्धा कोण पाडणार?"

ठेवला.

१५ मार्च

दादा फोन घेत नाही. वहिनीचा निरोप आला — ते घरात आहेत, जेवतात, बोलत नाहीत. पण घरात आहेत. तुझे उपकार झाले.

१९ मार्च

उडी बोकाभाऊंना दिली!

बोकाभाऊ म्हणजे दादाचे जोडीदार. वयाने दादाहून मोठे. कुठूनही टाका, चार पायांवर उतरतात, म्हणून बोका. खरं नाव त्यांच्या बायकोलाच ठाऊक असेल. आजवर टोळीतला तिसरा किंवा चौथा गुंड व्हायचे आणि मरायचे. भेटले की आधी विचारणार — "ताई, या खेपेला कितव्या पानावर मारलंत?"

मला हे आधी सुचलंच नाही. खरंच नाही. दादाचं नाव निघालं, संपलं, असंच धरून चालले. भिंतीवरची चिठ्ठी काढली की भिंत कोरी राहते. चित्रपटात जागा रिकामी राहत नाही, दुसरा माणूस आणून उभा करतात.

आणि बोकाभाऊ स्वतः? फोनवर नुसते उड्या मारत होते. "ताई, पहिल्यांदाच नायक! मरायचं नाही म्हणे या वेळी!"

"बोकाभाऊ, टाकी फार उंच आहे हो."

"अहो, उंची काय, खाली सगळं मऊच घालतात. पोरीला सांगितलंय, पोस्टरवर तुझा बाप आहे."

२० मार्च

सरांकडे परत गेले. दारातच ओळखलं त्यांनी. "आता काय, बोकाही तुझा भाऊ?"

बोकाभाऊंची मान ठणठणीत आहे. हातही. मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?

२९ मार्च

संवाद दुरुस्त करते. तेवढंच माझ्या हाती. "थांब" ऐवजी "थांब ना".

८ एप्रिल

आज उडी. लिहून काढते, नाहीतर छाती फुटेल.

दुपारी उन्हात सगळे कारखान्याच्या आवारात. टाकीखाली पुठ्ठ्याची रिकामी खोकी रचलेली, वर गाद्या. बघते तर फाटकाशी दादा! कुणी बोलावलं नव्हतं. माझ्याकडे न बघता सरळ खोक्यांपाशी गेला, एकेक हाताने चाचपली, दोन हलवून घेतली. बोकाभाऊंच्या कमरेचा पट्टा स्वतः आवळला. दोघं काहीतरी बोलून हसले. मला बरं वाटलं. दादा आहे म्हणजे काही होणार नाही.

पहिली उडी — काय सांगू! हात पसरले, आभाळात क्षणभर थांबलेच जणू, आणि बरोब्बर मधोमध. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोकाभाऊ खोक्यांतून डोकं काढून हात हलवत होते. मी रडत होते नि हसत होते.

सरांनी पडद्यावर पाहिलं. "सुंदर! पण शर्ट उडाला, पोट दिसतंय. नायकाचं पोट नाही असं. एकदा अजून घेऊ."

दादा पुढे झाला. "सर, खोकी दबलीत. नवी रचायला वेळ लागेल."

"ऊन जाईल. वरवर नीट करून घ्या." मग वर तोंड करून — "बोका, जमेल ना?"

वरून अंगठा. बोकाभाऊंचा.

मी काय केलं? वहीवर पेन आपटत उभी राहिले. ओरडले नाही. कुणाच्या नावाने ओरडायचं?

दुसऱ्या वेळी ते गाद्यांच्या काठाकडे आले. खोक्यांचा तो आवाजच आला नाही. दुसराच आला. दादा पळाला. सगळ्यांच्या आधी तो. कॅमेरा अजून चालूच होता.

९ एप्रिल

कंबर आणि मणका. जिवाला धोका नाही. डॉक्टर म्हणतात, काठी घेऊन चालतील, पण वेळ लागेल. उडी आता पलंगावरूनही नाही.

रुग्णालयात बाकावर दादा येऊन माझ्या शेजारी बसला. इतक्या दिवसांनी.

"दादा, तुला वाचवायला गेले रे मी."

"माहितेय."

मग जमिनीकडे बघत म्हणाला, "मी असतो तर दुसरी मारली नसती. दबलेल्या खोक्यांवर नाही मारत मी, सरांना माहीत आहे ते. माझं ऐकतात. बोक्याला नाही म्हणता येत नाही. जन्मभर तिसरा गुंड. त्याला काय, कुणी विचारलं हेच खूप."

त्याने हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

११ एप्रिल

चित्रीकरण परत सुरू. संवाद मागितलेत. पाठवले.

२ जून

बोकाभाऊ घरी आलेत. भेटायला गेले. खाटेवर बसलेले, पुढ्यात चार पायांचा चालायचा सांगाडा. "या ताई! बघा, आता खरोखर चार पाय झाले बोक्याला!" मला हसता येईना, म्हणून तेच माझी समजूत घालत बसले. त्यांची बायको चहा ठेवून गेली. बसा म्हटलं नाही. चहा मात्र बशी झाकून आणला होता, गार होऊ नये म्हणून.

निघताना हळूच म्हणाले, "ताई, एक विचारू? कुठली घेतली त्यांनी? पहिली का दुसरी?"

माहीत नाही म्हटलं.

"पहिलीच घेतली असणार. पहिली काय झाली होती, नाही? पोट दिसलं तर दिसू दे. माझंच आहे म्हणून कळेल तरी पोरीला."

३० जुलै

दादाने धंदा सोडला. स्वतः होऊन. दोरखंड, पट्टे सगळं देऊन टाकलं. वहिनी म्हणते, बरं झालं. पण फोनवर हे म्हणताना तिचा आवाज कसातरीच झाला. तो रोज बोकाभाऊंना धरून गल्लीच्या टोकापर्यंत चालवून आणतो. डाव्या बाजूला बोकाभाऊंना घेत नाही.

१८ ऑगस्ट

तयार चित्रपट दाखवला. अंधारात शेवटच्या रांगेत बसले, डोळे अर्धे मिटून. टाकी आली की बघायचं नाही, ठरवून टाकलं होतं.

टाकी आलीच नाही.

नायक वायरलेसच्या खोलीतून निघतो, गाडी वळते, साक्षीदार वाचतो, संपलं. दिवे लागले. सर माझ्या शेजारी येऊन बसले. "फार लांबत होतं गं. ती खोली इतकी जमलीय, की त्यानंतर उडी नकोच वाटते. काढली. पाहिलंस? कुणाच्या लक्षातही आलं नाही!"

पोस्टर मात्र तेच आहे.

२० ऑगस्ट

बोकाभाऊंचा फोन. पहिल्या दिवसाच्या पहिल्या खेळाची तिकिटं काढलीत. घरची सगळी, गल्लीतली चार माणसं, दादा-वहिनी. आणि माझं एक — त्यांच्या शेजारचं.